आसरांचं लुगडं

१ एप्रिल, मंगळवार

पोचले एकदाची! लोहाऱ्याहून निघाले, तीन गाड्या बदलल्या, आणि परंड्याहून जीपमध्ये बसले तेव्हा मांडीवर माझी सॅक आणि सॅकवर शेजारणीची कोंबडी. पण गाव आवडलं. खोलीही आवडली. शेणानं सारवलेलं अंगण, दारात तुळस, मागं शेळ्या. घरमालकीण दैवशालाकाकू सध्या एकट्याच आहेत, काका मेंढरं घेऊन सीना नदीकाठी गेलेत. काकूंना राजनंदिनी म्हणणं जड जातं, म्हणून ताटात भाकरी पडायच्या आत माझी नंदा झाली. एवढी वाळकी पोरगी साहेब कशी झाली, हेही विचारून झालं.

मी साहेब नाही हे त्यांना पटत नाही. मी कृष्णराज सरांच्या प्रकल्पावरची सहायक. हल्ली इकडं द्राक्षांवर जस्ताच्या पुडीचं औषध फवारतात. कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून सुटा कण दिसतही नाही. नॅनो म्हणतात ते हेच. फवारलेलं वाहून पाण्यात जातं. तिथल्या शेवाळाचं त्यानं काय होतं, ते मी बघायचं. शेवाळ मेलं की त्याच्यावर जगणारं सगळंच उपाशी. पहिली नोकरी आहे, नाव काढायचं!

४ एप्रिल, शुक्रवार

गावाबाहेरच्या बारवेतलं शेवाळ म्हणजे माझ्या कामाला सोनं. दाट, मऊ, हिरवंगार. ते पाणी कुणी पीत नाही, गाव टँकरवर आहे. बारवेवर शेळ्या येतात आणि शुक्रवारी बायका. आतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड आहेत. साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी.

काकूंचं म्हणणं, हे शेवाळ म्हणजे आसरांचं लुगडं. ते खरवडायचं नसतं. औषधपाण्याला थोडं नेलं तर चालतं, पण पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू वाहून परत पाण्यात सोडायचं. बाईमानसाचं लुगडं हाय, कुनी उघडं पडाय नको, असं त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. मी हो हो म्हटलं. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

दोन बरण्या भरून आणल्या. एक तशीच ठेवली, दुसरीत जस्ताचं औषध घातलं.

१० एप्रिल, गुरुवार

प्रयोग छान चाललाय, म्हणजे शेवाळाचं वाईट चाललंय. औषधाच्या बरणीतलं आधी फिकं झालं, मग पिवळं, आता जवळजवळ पांढरं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या दिसतात आणि त्यांना पांढरे पुंजके चिकटलेले. बरणी सावलीतून उन्हात ठेवली त्या दिवसापासून मरण्याचा वेग वाढला. या कणांना उन्हात चेव येतो.

साध्या बरणीवर मात्र आज काकूंच्या शेळीनं ताव मारला. दार उघडं राहिलं ही माझीच चूक. पाण्याचा थेंबसुद्धा ठेवला नाही मेलीनं.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभ्या. आसरांचं लुगडं द्यायचं ना माघारी?

शेळीनं खाल्लं, असं सांगायला हवं होतं. जीभ रेटेना. त्यांचं तोंड उतरलं असतं, आणि मी त्यांच्या घरात राहते, त्यांची भाकरी खाते. मग मी दुसरी बरणी उचलली. शेवाळ तीन पाण्यांनी धुतलं, तरी तळाशी पांढरं राहिलंच. भर उन्हात पायऱ्या उतरून ते बारवेत ओतलं. काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि डोळे पुसले.

एवढ्याशा बरणीनं एवढ्या पाण्याला काही होत नाही. दर्यामें खसखस.

१३ एप्रिल, रविवार

बारव नितळली आहे. शेवाळाचा मागमूस नाही. माथ्यावर ऊन आलं की तळ लख्ख दिसतो, तिथंही सात दगड आहेत, पांढरे. पाणी आहे असं वाटतच नाही, बादली ओली होऊन वर आली की कळतं.

गावाला आनंद झालाय. आसरा पावल्या, नंदामॅडमच्या हाताला गुण आहे, असं चाललंय. येत्या शुक्रवारी ओटी भरून हंडे भरायचे, टँकरच्या मागं पळायचं नाही. पहिली ओंजळ दैवशालाकाकूंनी प्यायची, असा मान त्यांना दिलाय.

एका बरणीनं हे होणं शक्य नाही. पण झालंय. सरांना फोन केला. ते म्हणाले, गावात बोलू नकोस, प्रकल्प बंद पडेल. आणि एवढ्याशा जस्तानं माणूस मरत नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं. फोन ठेवला आणि स्वतःचीच किळस आली.

१५ एप्रिल, मंगळवार

शेळ्या त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. बेडूक वरच्या पायरीवर उन्हात वाळताहेत, पण आत उडी मारत नाहीत.

तळाचे सात दगड आज दिसले नाहीत.

पायऱ्यांवर ओली पावलं होती. चुन्यासारखी पांढरी, बायकांची. सगळी वर येणारी. खाली जाणारं एकही नाही. कुणी तरी धुणं धुवायला उतरलं असेल. असेलच.

१६ एप्रिल

दुपारी दोरीवरची माझी हिरवी ओढणी पांढरी झाली. तुळस पांढरी. सुपातली कोथिंबीर पांढरी. पावलं आता अंगणात आहेत, सारवणावर, तुळशीभोवती.

काकू भाकरी थापत होत्या. हातातल्या हिरव्या बांगड्या पाण्यासारख्या झाल्यात, आरपार. त्यांनी माझी नजर बघितली, हात पदराखाली घेतला. लई जुन्या व्हत्या, इटल्या आसतील, म्हणाल्या. मग बराच वेळ काकांना फोन लावत बसल्या. लागला नाही.

हे मी केलंय. मी.

१७ एप्रिल

सांगायला गेले होते. काकू उद्याची कळशी चिंचेनं घासत होत्या, गुणगुणत होत्या. परत आले.

आसरा हिरवं शोधताहेत. जिथं मिळेल तिथून ओढून नेताहेत, पण पुरत नाही — सात जणींचं लुगडं — आणि मी त्यांना भर उन्हात उघडं —

उद्या पहिली ओंजळ काकूंची.

१८ एप्रिल, शुक्रवार

बारवेच्या पायरीवर बसून लिहिते. ऊन माथ्यावर.

सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंनी ओंजळ तोंडाशी नेली होती, मी हातावर फटका मारला. शेळीनं खाल्लेलं, मी औषधाचं ओतलेलं, सगळं सांगितलं. हंडे तिथंच पालथे केले सगळ्यांनी. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. काकू एवढंच म्हणाल्या, शेळीनं खाल्लं म्हनली आसतीस तर म्या काय तुला गिळलं आसतं व्हय गं? मुकं जनावर हाय, आसरा काय तिच्यावर रागावत्यात व्हय?

मग म्हणाल्या, चल घरी. मी म्हटलं, येते. पण पाय उचलत नाहीत.

कुणी पाणी प्यायलं नाही. हे नीट लिहून ठेवते. कुणी प्यायलं नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना पायरी ओली झाली आहे — वरच्या पायरीवरही — मान वळवून बघत नाही —

इथं हिरवं काही उरलेलं नाही. फक्त माझ्या मनगटावरच्या शिरा.

दुखत नाही. लुगड्याचा सुटा धागा ओढावा तसं, हळूच. डावा हात कोपरापर्यंत पांढरा. पाण्यात हिरवी रेघ उमटली — एक — आता पसरते आहे —

घ्या. मीच नेलं होतं, तुमचं तुम्हाला — उजवा हात थोडा राहू द्या, एवढं लिहू — माझं सगळं घ्या, पण काकूंच्या बांगड्या तेवढ्या पर