धर्मसिंगची सहा एकर

मी, तातेराव ग्यानबाराव सवंडकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, माजी सरपंच, राहणार मौजे काळखेड, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदाने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. काल डॉक्टरांनी वार, तारीख, नातवंडांची नावे विचारून स्मरण शाबूत असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. स्मरण शाबूत आहे, हेच माझे दुखणे आहे.

१. गावातील राहते घर पत्नी सुमनबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्या मागे मुलगा वैजनाथ याचे. सुमनबाईला तिच्या खोलीतून कोणी हलवू नये. गेली सात वर्षे ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. खाली चौथ्या कलमात जे लिहिले आहे त्यानंतर तिने तेवढे तरी बोलावे, हेच पुष्कळ झाले.

२. ट्रॅक्टर व हळद शिजवायचा बॉयलर वैजनाथला. जेसीबी त्याच्याच नावावर आहे.

३. चुलतभाऊ विश्वंभर याने ओढ्याकडचा बांध दोन हात माझ्या रानात सरकवला म्हणून मी दावा लावला होता. तो मी सोडून देतो. ज्याने दुसऱ्याची सहा एकर घेतली, त्याने दोन हात मातीसाठी कोर्टाची पायरी चढू नये. विश्वंभरने यात आपला विजय मानू नये. बांध त्यानेच सरकवला आहे.

४. गट नंबर ११४, माळाची सहा एकर. सातबाऱ्यावर नाव आमचे आहे, जमीन आमची नव्हती. १९७३ साली माझ्या वडिलांनी बंजारा तांड्यावरच्या धर्मसिंगच्या बापाला तो माळ दाखवला आणि म्हणाले, "गोटे काढ अन् खा." कागद झाला नाही, शब्द झाला. धर्मसिंग माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्या घराने सहा वर्षे गोटे वेचले. त्याच गोट्यांची बांधावर रचलेली कमरेएवढी पौळ अजून रस्त्यावरून दिसते. हौस म्हणून मीही दोन दिवस वेचले होते. तिसऱ्या दिवशी माझे हात सोलले आणि मी गेलो नाही. पुढे त्यांनी विहीर खोदली, हळद लावली. त्या दोन दिवसांखेरीज पंचेचाळीस वर्षे आमच्या घरातून कोणी तिकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांच्या घरी लग्न निघाले की पहिले आवतण मात्र आमच्याकडे यायचे.

मग रस्ता मोठा होणार अशी खबर आली. मोजणीचे दगड बसले आणि मागोमाग नांदेडचा एक दलाल गाडी घेऊन आला. हळदीचे गोदाम आणि कारखाना काढायला रस्त्यालगत जागा पाहिजे म्हणाला. जो माळ कोणी फुकट घेतला नसता, त्याचा भाव मी दलालाला दोनदा सांगायला लावला. मी धर्मसिंगला निरोप धाडला की रान मोकळे कर. तो आला नाही. २०१८ च्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मी वैजनाथचा जेसीबी आणि ट्रॅक्टर भरून माणसे घेऊन गेलो.

धर्मसिंग विहिरीपाशी पाण्याची कळशी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तातेबा, कागद तुहा हाय, व्हय. पण गोटे कोन येचले? ह्या समद्यांसमोर सांग."

मला उत्तर येत होते. मागे उभ्या माणसांपैकी कोणीतरी हसले. त्या हसण्याने माझे डोके फिरले, असे मी सात वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे असे आहे की मी घरून निघतानाच कुदळीचा दांडा हातात घेतला होता. तो मी त्याच्या कानावर मारला. त्याच्या हातात कळशीशिवाय काही नव्हते.

तो जगला, पण उजवे अंग गेले आणि वाचा गेली. मी ठाण्यात जबाब दिला की तो पौळीवरून पडला. माझा सालगडी संतराम याने तेच सांगितले, कारण मी त्याला तसे सांगितले. बाकीच्यांना मला सांगावेही लागले नाही. कोणाला रस्त्यावर गाळा पाहिजे होता, कोणाला खडीचा ठेका, कोणाला पोराची नोकरी. धर्मसिंगची बायको मिराबाई हिची तक्रार लिहून घेतली गेली, पण तिला साक्षीदार मिळाला नाही. सगळे साक्षीदार माझे होते. वर्षभराने गोदामाचे उद्घाटन झाले तेव्हा माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्यावर 'विकासपुरुष' असे लिहिले होते. त्याच्याखाली उभा राहून मी हार घालून घेतला.

५. सहापैकी तीन एकर गोदामात गेली, ती परत येणे नाही. उरलेली तीन एकर, आणि गेलेल्या तीनच्या बदल्यात माझ्या स्वकष्टार्जित नदीकाठच्या नऊ एकर बागायतीतील विहिरीकडची तीन एकर, धर्मसिंग व मिराबाई यांची. त्यांच्या मागे त्यांची मुले देविदास व रुपा यांची. देविदास दरवर्षी ऊसतोडीला जातो. रुपा त्याच गोदामात, बापाने साफ केलेल्या जमिनीवर बसून, रोजाने हळद निवडते.

या कलमात मी प्रथम 'बक्षीस देतो' असे लिहिले होते. ते सांगायला मी तांड्यावर गेलो, तर मिराबाई म्हणाली, "देनार तुमी? पाटील, तुमची कव्हा व्हती ती?" म्हणून तो शब्द खोडला आहे. 'परत करतो' असे वाचावे. मग ती म्हणाली, "गावासमोर बोला." मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बोलायचे कबूल केले. उभा राहिलो, आणि गटारीच्या कामाबद्दल बोलून खाली बसलो. ती मागच्या रांगेत होती.

६. बागायतीची उरलेली सहा एकर वैजनाथ व मुलगी कोमल यांना निम्मी निम्मी. हक्क सोडण्याचा कागद घेऊन कोणी कोमलच्या दारात जाऊ नये.

७. वैजनाथची हरकत मला ठाऊक आहे. तो म्हणतो, "बाबा, तुमी मऊ राहिले असते तर गोदाम दुसऱ्या गावाला गेलं असतं. चाळीस घरं खाऊन राहिलीत त्याच्यावर." तो खोटे बोलत नाही. पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले, गावातल्या पोरी बस पकडून कॉलेजला जातात. पण एका माणसाला शांतपणे बसवून, त्याचा वाटा कबूल करून, तेच गोदाम झाले नसते का? हे मी कधी विचारले नाही, कारण उत्तर 'झाले असते' असे आले असते. वैजनाथ, तू जेसीबी चालवलास तो मी सांगितले म्हणून. मारणारा मी होतो. यापुढे मात्र तुझे तू बघ.

८. माझ्या मागे श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये.

९. हे मृत्युपत्र वकिलांच्या टेबलावर सही व्हायचे होते आणि माझ्या मृत्यूनंतर ग्रामसभेत वाचले जायचे होते. वकील म्हणाले, चौथे कलम गाळा, साक्षीदारांना मजकूर दाखवायची गरज नाही. मी दाखवला. गावातल्या तिघांनी वाचून कागद परत केला. संतरामला वाचता येत नाही. त्याला मी वाचून दाखवला. तो म्हणाला, "मालक, मेल्यावर वाचून काय उपेग? धर्मसिंगला आज ऐकू येतं."

म्हणून आज दुपारी संतराम व निवृत्त गुरुजी रामप्रसाद यांना घेऊन मी तांड्यावर आलो. धर्मसिंग बाजेवर उशाला टेकून बसला होता. मी उभ्याने सगळे वाचले. चौथे कलम मी हळू आवाजात वाचू लागलो, तेव्हा मिराबाई म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्याने वाचले. शेजारची माणसे गोळा झाली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता हेच ठाण्यात. जित्तेपनी." मी होय म्हणालो. सोमवारी मी व संतराम जबाब बदलायला जाऊ. हे येथे लिहिले आहे म्हणजे मला गटारीवर बोलता येणार नाही.

धर्मसिंगने मला माफ केले असे कोणी समजू नये. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. सही करण्यासाठी कागद मी बाजेवर ठेवला, तेव्हा त्याने डाव्या हाताने त्याचा कोपरा पकडला. सह्या झाल्या तरी सोडला नाही. गुरुजी म्हणाले, "राहू द्या." या कलमाचा हा शेवट त्याने कोपरा धरलेला असतानाच मी बाजेवर लिहिला आणि त्याखाली सह्या पुन्हा झाल्या.

या मृत्युपत्राची मूळ प्रत धर्मसिंगच्या ताब्यात आहे. माझ्या वारसांपैकी ज्याला ती पाहायची असेल, त्याने तांड्यावर जाऊन त्याला मागावी.

लिहून देणार : तातेराव ग्यानबाराव सवंडकर (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली, साक्षीदार :
१. संतराम, राहणार काळखेड (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. रामप्रसाद, निवृत्त शिक्षक, राहणार काळखेड (सही)

ठिकाण : धर्मसिंगचे अंगण, काळखेड तांडा
दिनांक : १८ ऑक्टोबर २०२५, शनिवार