एक पलंग जास्त

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल. सकाळभर वर्गात परक्या भाषेतून ताप, खोकला आणि मलमपट्टी शिकते आणि दुपारी जेवायचं सोडून परदेशातल्या भाड्याच्या घरांचे फोटो बघत बसते. एका घराच्या न्हाणीघरालाही खिडकी आहे. मनातल्या मनात मी तिला पडदासुद्धा लावून आले.

तीन नकाशे पाठवते आहे. लाकूड कापायच्या मशीनच्या आवाजाने तुमचे कान गेले, म्हणून फोन नको. पण डोळे शाबूत आहेत, ते वापरा. मी नर्स म्हणून परदेशी गेले की तुम्ही एकटे कसे राहाल, याचा घोर आहेच. निदान घर तरी तुमच्या पसंतीचं असू दे.

लोभ आहेच, त्यात घट नसावी.

तुमची ठकू

९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

लाकूड कापण्याआधी करतो तेच केलं. वर्कशॉपची जमीन झाडून तिन्ही घरं खडूने पूर्ण मापात आखली आणि आतून फिरलो. पहिल्यात पलंग ठेवला की कपाट उघडत नाही. दुसऱ्यात स्वयंपाकघरात जायला पलंग ओलांडावा लागेल. तिसऱ्याचं तर बोलूच नये. टेबल न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तुझ्या दिवाणखान्यात उभं राहिलं, तर त्याला मी चपला काढायला लावल्या.

माझी काळजी नको, मी मजेत आहे. आणखी घरं पाठव.

तुझे बाबा

२० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अकरा घरं झाली, तुमच्या नजरेत एकही भरलं नाही. सातव्याचा नकाशा वर्गातल्या दोघींनी पट्टीने मोजला. पलंग मावून वर जागा उरते. तुमचं माप चुकलेलं मी जन्मात पाहिलं नाही. मग मी जाऊच नये असं तुम्हाला वाटतंय का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. रागावले नाही, पण रडू आलं. घर महिनाअखेर कळवायचं आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
ठकू

२५ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

माप बरोबर होतं. प्रत्येक घरात मी दोन पलंग ठेवत होतो, एक तुझा आणि एक माझा. तू बोलावलं नव्हतंस, पण खडू हातात आला की आपोआप आखला जायचा. काल माझा पुसला, तर बहुतेक घरं छान निघाली. सातवं घे. खिडकीखाली टेबल नीट बसेल.

तू जावंस असंच मला वाटतं. एकटं राहायची भीती वाटली, एवढंच. रडू नकोस.

तुझे बाबा

३० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सातवं घेतलं नाही. वर्कशॉप सोडून तुम्ही यायचं नावही काढणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं, विचारलंच नाही. बाप तशी लेक. आज दोन खोल्यांचं घर पक्कं केलं. दवाखान्यापासून जरा लांब आहे, बसने जाईन. नकाशा पाठवणार नाही, नाहीतर पुन्हा खोड काढाल. स्वतः येऊन बघा.

येणाऱ्या माणसाला लोभ वेगळा काय मागू?

तुमची ठकू

८ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

वर्कशॉप तुझा मामा सांभाळणार आहे. आज पासपोर्टसाठी फोटो काढायला गेलो होतो. हसू नका, दात दिसलेले चालत नाहीत, असं फोटोवाल्याने तीनदा सांगितलं म्हणे. शेवटी कागदावर लिहून दाखवलं. ते वाचूनही चौथा फोटो वाया गेला. उद्या पुन्हा बोलावलं आहे.

तुझे बाबा