लाइन नंबर तीनवरचा अराजकवाद

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी अराजकवादी. ठरलं.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघितला. अराजकवाद म्हणजे दंगाधोपा नव्हे. कोणी कोणाचा साहेब नाही, कोणी कोणाला हुकूम सोडायचा नाही, बस्स. आणि या लोकांचं मुख्य हत्यार काय, तर हसणं! ज्याच्यावर माणसं एकदा खदाखदा हसली, त्याची सत्ता संपली. दगड नको, मोर्चा नको. वा! माझ्याच मनातलं बोलत होता तो माणूस. व्हिडिओ बराच मोठा आहे, मोशीच्या पुढे रेंज गेली म्हणून अर्धाच झाला. पण मुद्दा कळला. हुशार माणसाला अर्धा पुरतो.

संध्याकाळी घरी जाहीर केलं, यापुढे या घरात कोणाचीही सत्ता चालणार नाही. बायकोने, स्वरूपाने, विचारलं, म्हणजे आत्तापर्यंत कोणाची चालत होती? प्रश्न खोचक होता. उत्तर देणार तेवढ्यात तिने कोथिंबीर आणायला डांगे चौकात पाठवलं. स्वेच्छेने गेलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
शत्रू नक्की केला. बोकील साहेब, आमचे प्लँट हेड. आमच्याकडे गाड्यांच्या सीट बनतात. अख्खा प्लँट दिवसभर उभा आणि बसलेला एकटा बोकील, तोही वर काचेच्या केबिनमध्ये. मला लाइन नंबर तीनचा इन्चार्ज करून सात वर्षं झाली, पुढे हलवलं नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मी स्वतः इन्चार्ज असलो तरी माझी सत्ता तसली नाही. लोक मला आपला मानतात. आज लाइन मीटिंगला नेहमीप्रमाणे घसा खाकरला, पट्टा वर घेतला, खिशात पेन आहे ना ते चाचपलं आणि सेफ्टीची शपथ दिली. उजवा हात पुढे करून सगळे माझ्यामागून म्हणतात. मग विचारलं, क्लिअर आहे ना? आहे ना क्लिअर? दोनदा विचारावंच लागतं. एकदा विचारलं की लोक हो म्हणतात आणि विसरून जातात. सगळे हसतमुख होते. इतकी हसतमुख लाइन उभ्या चाकणमध्ये नसेल.

५ नोव्हेंबर, बुधवार. जेवणाची सुट्टी
क्रांतीला माणूस मिळाला!

प्रीतम. कॉन्ट्रॅक्टवरचा ऑपरेटर, मूळचा परभणीकडचा, भोसरीत खोली घेऊन राहतो. कँटीनमध्ये घोळका जमलेला, मधे हा. घसा खाकरला, पट्टा वर ओढला, छातीवरचं पेन चाचपलं आणि नाकातून म्हणाला, क्लिअर आहे ना? आहे ना क्लिअर? लोक टेबलं बडवून हसत होते. मी मागेच उभा होतो.

हुबेहूब बोकील साहेब!

मी टाळ्या वाजवल्या तसे सगळे चिडीचूप. प्रीतमचा चेहरा पांढराफटक. मी त्याला मिठीच मारली. म्हणालो, भावा, साहेबांना काय उचललंयस! आणि मग जे हसले सगळे! सोपानरावांना ताकाचा ठसका लागला. सोपानराव म्हणजे लाइनवरचे सगळ्यात जुने, इथल्याच गावचे. डोळे पुसत म्हणाले, व्हय व्हय, बोकीलच हाय त्यो, दुसरं कोन आसंल.

बारकावे थोडे चुकतात. बोकील साहेब पेन बाळगत नाहीत. पट्टा ओढायला त्यांना पोट नाही. आवाजही नाकातून नाही. पण कलाकाराला एवढी मोकळीक द्यायलाच हवी.

६ नोव्हेंबर, गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी
मुक्त हास्य मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी. अध्यक्ष असू नये हे मान्य आहे, पण ते ठरवायला कोणीतरी पाहिजे. पहिला नियम, मंडळाला नियम नाहीत. दुसरा नियम, पहिल्या नियमाचं काटेकोर पालन व्हावं.

तनुजाने, आमच्या कन्येने, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, मी पण अराजकवादी, गणिताची सत्ता मानत नाही. तिला समजावलं की बारावीपर्यंत सत्ता आवश्यक असते. तिने हे कुठे लिहिलंय ते विचारलं. ओरडलो.

८ नोव्हेंबर, शनिवार
लाइनवर आज नुसती खीखी. मला बघितलं की खीखी. उत्साह चांगला आहे, पण दिशा नाही. शेवटी सगळ्यांना बोलावून ताकीद दिली की उत्स्फूर्त हसायचं ते सुट्टीत. क्लिअर आहे ना? आहे ना क्लिअर? पुन्हा खीखी. सोपानरावांनी खाली बसून बुटाची नाडी बांधली. त्यांच्या सेफ्टी शूजला नाडी नाही.

डबा मिळाला नाही. स्वरूपा म्हणाली, मला कोणी हुकूम दिला नव्हता. कँटीनमध्ये जेवलो.

१० नोव्हेंबर, सोमवार
योजना पक्की. वीस तारखेला कंपनीचा वर्धापनदिन. गुरुवारीच ठेवलाय, म्हणजे सुट्टी आमची बुडाली तरी चालेल, प्रॉडक्शन त्यांचं बुडायला नको. स्टेजवर प्रीतमने बोकील साहेबांची नक्कल करायची, अख्ख्या प्लँटसमोर. लोक हसतील आणि सत्ता कोसळेल. पुढचं पुढे बघू.

प्रीतम तयार होईना. या महिन्याअखेर त्याचं परमनंटचं ठरणार आहे. दापोडीच्या मैत्री नावाच्या मुलीशी त्याचं जमलंय, पण तिच्या वडिलांनी सांगितलंय, आधी परमनंट, मग लग्नाची तारीख. दोन वर्षं पोरगी थांबली आहे. यंदाही हुकलं तर ते दुसरीकडे बघणार. आणि आमच्याकडे पद्धत अशी की इन्चार्ज नको म्हणाला की नाव कटलंच. म्हणजे मीच. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, भावा, मी आहे ना! माझा शब्द म्हणजे शब्द. तर म्हणतो, सर, राहू द्या, तुम्हाला वाईट वाटेल.

मला? मला कशाला वाईट वाटेल? घाबरलेल्या माणसाला काय बोलावं सुचत नाही, हेच खरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
प्रीतमला थेरगावला घरी बोलावून तालीम घेतली. सूचना दिल्या. पोट अजून पुढे काढ. पट्टा ओढताना चवड्यांवर उंच हो. दुसऱ्या 'क्लिअर'ला आवाज चढव. मी स्वतः करून दाखवलं. तो म्हणाला, सर, तुमच्यासारखं कोणालाच जमायचं नाही. गुणी पोरगा आहे.

स्वरूपा पोहे घेऊन आली ती दारातच थांबली. बशी कलती झाली, पोहे खाली. मग पदर तोंडात कोंबून आत गेली. थोड्या वेळाने परत येऊन प्रीतमला विचारते, हे साहेब भाजी कशी घेतात ते दाखव ना. त्याने दाखवलं. मेथीची जुडी हुंगतो काय, भाजीवालीला दोनदा विचारतो काय, ताजी आहे ना? आहे ना ताजी? तनुजा सोफ्यावरून खाली पडली.

बोकील साहेब भाजी कशी घेतात हे या दोघींना काय ठाऊक? बायकांची कल्पनाशक्ती दांडगी असते.

तो गेल्यावर स्वरूपा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच कळत नाही का? म्हटलं, सगळं कळतं. व्हिडिओ बघितलाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उद्या इतिहास घडणार. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. पेन नवीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार
डोकं दुखतंय. गोळी घेतली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

काल मी पहिल्या रांगेत, बोकील साहेबांच्या शेजारी. मुद्दाम. त्यांचा चेहरा पडताना जवळून बघायचा होता. प्रीतम स्टेजवर आला. घसा, पट्टा, पेन. सगळा मंडप उसळला. मी शेजारी बघितलं, तर बोकील साहेबही हसत होते! अगदी गदगदा. मला भरून आलं. म्हटलं, बघा, हुकूमशहाचं काळीज वितळलं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, साहेबांना टाळी दिली. साहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले, फडतरे, कमाल आहे राव तुमची, स्वतःची एवढी नक्कल काढू देता आणि वर टाळ्या वाजवता, याला मोठं मन लागतं.

मी स्टेजकडे बघितलं. प्रीतम पट्टा ओढताना चवड्यांवर उंच झाला. मीच शिकवलं होतं.

सगळ्यांना माहीत होतं. सोपानरावांना. स्वरूपाला. भाजीवालीलासुद्धा असणार.

घरी व्हिडिओचा उरलेला भाग लावला. खरा अराजकवादी पहिल्यांदा स्वतःवर हसतो, असं काहीतरी सुरू झालं. बंद केला. घरात वाय-फाय आहे, पण रेंज नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
शांतपणे विचार केला. माझ्या मनात राग नाही. अजिबात नाही. पण विनोदालाही शिस्त हवी. आज इन्चार्जवर हसतील, उद्या मशीनवर हसतील, परवा अपघात होईल. शेवटी सेफ्टीचा प्रश्न आहे.

प्रीतमला सहा महिने थांबवावं. त्याच्याच भल्यासाठी. मैत्री खरी असेल तर थांबेल. शब्द दिला होता खरा, पण तो बोकील साहेबांच्या नकलेसाठी दिला होता. त्याने बोकील साहेबांची केलीच नाही.

स्वरूपाला सांगितलं. तिने जेवायला वाढलं आणि ती आत निघून गेली. डाळीत मीठ नव्हतं. उठून घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रीतम दिवसभर मान खाली घालून काम करत होता. सुट्टीत जवळ आला, सर म्हणाला. मी घड्याळ बघितलं. दुपारी सोपानराव म्हणाले, सायेब, पोरगं लई चांगलं हाय, लेकरावानी समजून सोडून द्या. मी म्हणालो, इथे व्यक्तीचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे. ते म्हणाले, आमाला न्हाई कळत त्ये.

२४ नोव्हेंबर, सोमवार
परमनंटची मीटिंग झाली. जसं घडलं तसं लिहितो.

वाक्य पाठ करून गेलो होतो. प्रीतमच्या वागणुकीत सुधारणा हवी, सबब सहा महिने थांबवावं. केबिनमध्ये बोकील साहेब आणि एचआरच्या विजयश्री मॅडम. साहेबांनी विचारलं, प्रीतमचं काय करायचं?

मी घसा खाकरला. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. उठून उभा राहिलो, महत्त्वाचं बोलताना बसून जमत नाही मला, आणि हात आपोआप पट्ट्याकडे गेला. विजयश्री मॅडम टेबलाखाली काहीतरी शोधायला लागल्या. मी दुर्लक्ष केलं. पेन चाचपलं. तर साहेब फिस्सकन फुटले, चहा नाकात गेला. मी आवाज चढवून म्हणालो, सर, माझं मत अगदी स्पष्ट आहे, क्लिअर आहे ना? आणि थांबायला हवं होतं, पण सवय. आहे ना क्लिअर?

साहेबांनी टेबलावर डोकं टेकलं. दोन्ही हात जोडून म्हणाले, बास, फडतरे, पोटात दुखायला लागलं, करतो त्याला परमनंट, जा आता तुम्ही. मॅडम टेबलाखालूनच म्हणाल्या, नोंद घेतली सर.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. सात वर्षांत केबिनमध्ये माझं म्हणणं पहिल्यांदा मंजूर झालं, तेही मी न म्हणालेलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
प्रीतम पेढे घेऊन आला. माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाला, सर, तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मला गेटबाहेर काढलं असतं. तुम्ही दिलेला शब्द पाळला. मैत्रीच्या वडिलांनी आजच फोनवर तारीख धरली. लग्नाला तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजे.

मी म्हणालो, माझा शब्द म्हणजे शब्द. दुसरं काय म्हणणार?

फार वाईट वाटलं. पोराच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून घड्याळ बघितलं.

घरी स्वरूपाला सांगितलं, प्रीतमला परमनंट केलं. तिने विचारलं, तुम्ही? मी म्हणालो, झालं ते झालं ना! बऱ्याच दिवसांनी ताटात तूप आलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मुक्त हास्य मंडळ बरखास्त. संकल्प असे. घसा घरूनच खाकरून जायचं. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, ओढायची गरज नाही. पेन पॅन्टच्या खिशात. आणि यापुढे 'क्लिअर आहे ना' फक्त एकदाच विचारायचं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
लाइन मीटिंग. घसा खाकरला नाही, पट्ट्याला हात लावला नाही. शपथ व्यवस्थित झाली. एकदाच विचारलं, क्लिअर आहे ना?

दुसऱ्यांदा अख्ख्या लाइनने विचारलं.