गुळव्याची वही

नाना, आज वही न उघडता गुळाची काहील चुलाणावरून उतरवली. वही घरी राहिली होती म्हणून, फार मोठं काही नाही. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सारंगखेड्याजवळच्या गुऱ्हाळावर तुम्ही गुळव्या होतात आणि मी बी.एस्सी. होऊन तुमच्या हाताखाली आलेला शहाणा. तुम्ही पाक बोटावर घेऊन बघायचात, मी खिशातल्या वहीत लिहायचो: चुना किती, मळी काढायला भेंडीचं पाणी कधी, तापमापीचा पारा कुठे. एकदा लिहिता लिहिता मान खाली राहिली आणि पाक करपला. तुम्ही झारा काढून घेतलात. "लिखी काय ऱ्हायना? काहीलमा देख. गूळ वहीमा बनस का?" मला राग आला होता. पण त्याच संध्याकाळी तुम्ही समोर बसून सगळं क्रमाने सांगितलंत. "लिखी ले. मन्हा डोकामा शे ते मन्हासंगे जाई."

मग तुम्हाला ताप आला. आठ दिवस मी वही समोर धरून काहिली उतरवल्या, गूळ पिवळाधमक झाला. मालक खूश. पुढच्या हंगामात तुम्हाला निरोप गेला नाही. दसरा उलटल्यावर तुम्हीच आलात. चहा घेतलात, गुळाचा खडा फोडून तोंडात टाकलात, "बरा शे" म्हणालात आणि एसटीकडे चालू लागलात. पाठीमागून हाक मारायचं माझ्या जिवावर आलं. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचंच कळलं.

लिहिण्याने माझं भलंच झालं. आज भिंतीवर, फोनमध्ये, सगळीकडे याद्या असतात आणि कामं वेळेवर होतात. तोटा बायको सांगते: "तुम्ही जेवनात का नही, तेबी वहीमा देखा." लिहिलं की डोक्यातून जातं, हे खरं आहे. पुराच्या पाण्यात बुडालेला ऊस आला त्या वर्षी वहीतलं एक माप लागू पडेना, गूळ काळा पडला. तुम्ही बुडबुड्यांचा आवाज ऐकायचात. वहीत तिथे एवढंच आहे: 'आवाज बदलला की'. कसा बदलला, ते विचारायचं राहून गेलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. मालकाने तुम्हाला काढलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो, तुमच्या मुलीलासुद्धा. मालकाने मला दोनदा विचारलं होतं, "नानाले बलावूत का?"

मीच म्हणालो, "कशाले? वही शे ना."