शेंगेचा श

वारणानगर, ४ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,
साक्षीचा सप्रेम जय भीम. आईचा खोकला कसा आहे?

आमच्या बालवाडीला शरद ऋतूचा छापील तक्ता आलाय. त्यात लाल पानं गळताहेत. पोरांनी विचारलं, बाई, ही पानं कुठं गळत्यात? इथं तर ऊस हिरवागार उभा. शेवटी तक्ता गुंडाळला आणि बावीस पोरं घेऊन बांधावर गेले. ज्याला जे सापडेल, त्याचं पहिलं अक्षर मातीत काढायचं. झेंडूचा झ, शेंगेचा श. पाच वर्षांच्या आफशीनचा श उलटा आला, पण तिनं त्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. आता वर्गात माझाच जीव रमत नाही.

तुझी धाकटी,
साक्षी

मुरगूड, ८ ऑक्टोबर

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. आई बरी आहे. ती म्हणते, लहानपणी तू एका जागी बसत नव्हतीस, आता बाई होऊन तेच चाललंय. खेळ छान आहे. फक्त पोरं मोजत जा.

तुझा,
प्रसेनजीतदादा

वारणानगर, १४ ऑक्टोबर

ती. दादास,
जय भीम. तुझं पत्र परवा संध्याकाळी वाचलं. त्याच सकाळी बांधावरून परतताना मोजली, तर पोरं एकवीसच भरली. आफशीन नव्हती.

बाकीच्यांना मदतनीस बाईंजवळ बसवलं आणि हाका मारत उसात शिरले. दोन पुरुष उंच ऊस, मधे उघडी विहीर. मळ्याचे मालक आकाराम काम टाकून धावले. तासाभरानं त्यांनाच ती सापडली, विहिरीपासून हातभर अंतरावर. उसाच्या पात्यानं फ्रॉक फाटला होता. रांग सोडली, आता बाई रागावतील म्हणून हाका ऐकूनही ती गप्प बसली होती. माझ्या भीतीनं, दादा.

दुसऱ्या दिवशी सहाच पोरं आली. राजीनामा लिहून ठेवलाय. घास उतरत नाही. मला न्यायला ये.

साक्षी

मुरगूड, १८ ऑक्टोबर

चि. साक्षीस,
जय भीम. मी निघालोच होतो, आईनं अडवलं. लोकांना तोंड न दाखवता आलीस तर इथंही तुला चैन पडणार नाही, असं तिचं म्हणणं. मलाही पटलं. आधी घरोघर जा. चूक माझी, एवढंच सांग, सबबी नकोत. मग यावंसं वाटलं तर मी स्टँडवर उभा आहे. जेवत जा.

दादा

वारणानगर, २७ ऑक्टोबर

ती. दादास,
जय भीम. सगळ्या घरी जाऊन आले. आफशीनच्या आजीकडे, सुलतानबींकडे, शेवटी गेले. त्यांनी आत बोलावलं नाही. चूक माझी, हे मी दारातूनच सांगितलं. पोरगी गेली असती तर काय केलं असतंस, असं त्यांनी विचारलं. तशीच परतले.

पोरं हळूहळू येऊ लागली. मी दार लावून त्यांना आत बसवायची आणि सारखी मोजायची. काल सुलतानबी आफशीनला घेऊन आल्या. लावलेलं दार बघून म्हणाल्या, "त्या दिसापासनं पोरगी घरातनं हलंना. तिला त्याच बांधावर परत ने, न्हाईतर जल्माची भिऊन बसंल. मी मागनं चालतो."

मी नाहीच म्हणणार होते. पण आफशीननं माझं बोट धरलं होतं. आकारामांनी विहिरीवर जाळी टाकलीय, तरी मी पोरांना विहिरीपासून लांबूनच नेलं. पुढं मी, मधे पोरं, मागं सुलतानबी. परतल्यावर तीनदा मोजलं. चौदा नेली होती, चौदा भरली. चौथ्यांदा बोट उचललं, तेव्हा सुलतानबींनी माझा हात धरून खाली केला. म्हणाल्या, "बास आता. भरली की."

धडधड अजून पुरती गेलेली नाही. पण स्टँडवर येऊ नकोस. तुम्हा दोघांची माया अशीच पोचत राहू दे.

तुझी,
साक्षी