सायबाचा सूर भोरात

आबा, आता आवाज फाडायचं यंत्र विकत मिळतं. साबणाच्या डबीएवढं असतं. नातवाने पुण्याहून आणलंय. गिटारची वायर त्यात खुपसायची, पायाने खटका दाबायचा, की झालं काम. परवा त्याने ते सुरू केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा आता कानांवर हात ठेवणार. मी म्हटलं, "अरे, असला आवाज तुझ्या पणजोबांनी वाकळीत गुंडाळून बैलगाडीवर ठेवला होता." तो हसला. त्याला वाटलं, आजोबा नेहमीसारखे फेकतायत. मला राग आला, आणि त्या रागातच हे लिहायला बसलोय. तुम्हाला तरी सगळं माहीत आहे. म्हणजे, जवळजवळ सगळं.

तुमचा धंदा लाउडस्पीकरचा. दोन कर्णे, आवाज मोठा करायचं एक मशीन, रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि एसटीच्या टपावर चढवताना तुम्ही स्वतः उचलायचात त्या जड बॅटऱ्या. भोरपासून वेल्ह्यापर्यंत लग्न असो की जत्रा, आवाज स्वच्छ पाहिजे तर ह्यांनाच बोलवा, असं लोक म्हणायचे. घाटाकडच्या एका गावात तुमचा कर्णा देवळाच्या कळसाशेजारी चढला आणि तुम्हाला मात्र मशीन घेऊन पायऱ्यांच्या खाली, उन्हात बसवलं. मी तेव्हा विशीचा, माझं डोकं भणभणलं होतं. तुम्ही मशीन जुळवायला घेतलंत. दिवसभर आवाज असा नितळ ठेवलात की शेवटच्या घरातल्या आजीलाही कीर्तनाचा शब्द न् शब्द कळला. येताना एसटीत तुम्ही म्हणालात, "आपला आवाज फाटला की ह्यास्नी बोलाया जागा हुती. ती द्याची न्हाई." मला ते पटलं होतं आणि आजही पटतं. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

त्याच हिवाळ्यात गोदीत कामाला असलेला मामा ती रेकॉर्ड घेऊन आला. कुणा खलाशाकडून त्याला मिळाली होती. पाकिटावर केस पिंजारलेला, गिटार छातीशी धरलेला कुणी परदेशी माणूस. जगभर त्याचं नाव होतं म्हणे, आपल्या आळीत मात्र तो नुसता सायब झाला. तुम्ही ती पेटीवर लावलीत आणि अंगणातल्या कर्ण्यातून जो आवाज निघाला, त्याने तुम्ही दचकून मशीनच्या आवाज कमी-जास्त करायच्या कानालाच हात घातलात. तुम्हाला वाटलं कर्ण्याचं युनिट जळलं. मी मात्र जागच्या जागी खिळलो होतो. एकच सूर, लांबच्या लांब, कडेने फाटत गेलेला, आणि तरी तुटत नाही. मी आपल्या आळीच्या गाण्याच्या पार्टीत बेंजो वाजवायचो, ते टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं वाद्य. छेडलं की टण्, आणि संपलं. मला सायबाचा तो सूर बेंजोवर हवा होता, आणि हवा होता तो जयंतीच्या मिरवणुकीत, सगळ्या भोरासमोर.

"आरं, आयुष्यभर फाटू ने म्हून धडपडलो, आन तू फाडाया निघालास?" तुम्ही मशीनवर फडकं टाकलंत आणि विषय संपवलात. आई म्हणाली, "त्येला येड लागलंय, तुमी नका लागू नादी." मी गप्प बसणारा नव्हतो. जुन्या हेडफोनमधलं चुंबक आणि कॉइल काढून तारांखाली बसवलं, वायर रेडिओच्या पाठीमागे रेकॉर्डसाठी असलेल्या भोकात खुपसली. आवाज मोठा झाला, पण फाटला नाही. महिनाभर मी काहीबाही करत राहिलो आणि तुम्ही पाठ करून बसत राहिलात. मग एका दुपारी मी बाजारातून येतो तर तुम्ही एकटेच पेटीजवळ, डोळे मिटून, तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावताय. मला पाहून म्हणालात, "फाटलाय खरा, पर सूर सुटला न्हाई त्याचा. ह्यो बिघाड न्हवं. ह्यानं जाणून केलंय."

त्या दिवसापासून वेड मला नाही, तुम्हाला लागलं. माळ्यावरून तुम्ही बॅटरीवर चालणारा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ काढलात. बेंजोची वायर त्यात, आवाज शेवटपर्यंत पिळलेला, आणि तो बिचारा गुरगुरायला लागला की त्याच्या तोंडापुढे माइक धरून ती गुरगुर आपल्या मशीनमधून कर्ण्यात. कल्पना सगळी तुमची. माइकमध्ये बाहेरचा गलका शिरतो म्हणून रेडिओ आणि माइक दोन्ही वाकळीत गुंडाळले. आई म्हणाली, "रेडूला थंडी वाजती व्हय?" तुम्ही रेकॉर्ड लावायचात, मग मी वाजवायचो. "न्हाई. त्याचा शेवटाला चरचरतो. तुझा न्हाई चरचरत." पुन्हा माइक बोटभर पुढे, पुन्हा मागे, पुन्हा रेडिओतल्या स्पीकरच्या पडद्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. असं करत करत सगळा हिवाळा गेला. मी तार बटणापलीकडे अंगठ्याने दाबून सूर ओढायला शिकलो, अंगठ्याला घट्टा पडला. आणि एका सकाळी तो निघाला. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. पैलवानाने कुस्ती मारावी तसे.

पण अंगणात निघणं वेगळं आणि बाजारपेठेत निघणं वेगळं. सगळ्या वर्षाच्या ऑर्डरी त्याच पेठेतून येत. पार्टीतली मोठी माणसं म्हणाली, ह्या फंदात पडू नका, लोक म्हणतील ह्यांचं मशीन बिघडलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "नाव माजं जातंय का तुमचं?"

मिरवणूक पेठेत शिरते. बैलगाडीवर कर्णे, निळे झेंडे, मधोमध वाकळीचं ते बोचकं, आणि बोचक्याजवळ तुम्ही, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. जयंतीच्या गाण्याची चाल मी साधीच सुरू करतो. मग तुम्ही रेडिओचा कान पिळता आणि सूर फाटतो. नाचणारी पोरं थांबतात. कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून शेट ओरडतात, त्यांच्या लेकीच्या लग्नाचा लाउडस्पीकर आपल्याकडेच सांगितलेला होता, "अहो, मशीन फाटलं तुमचं! बंद करा!" माझे हात बटणांवर थिजले. देवळाच्या पायऱ्यांखाली बसलेले तुम्ही मला आठवलात, आणि वाटलं, संपलं, ती बोलायची जागा मीच ह्यांना दिली. तेवढ्यात तुम्ही घोषणांचा माइक उचललात आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणालात, "फाटलं न्हाई, शेट. आमी फाडलंय! सूर चुकला आसंल तर सांगा." मग माझ्याकडे वळून, माइक तसाच चालू ठेवून, "थांबलास का? वढ!"

मी ओढला. आबा, तसा सूर माझ्या हातून आधी निघाला नाही आणि नंतरही नाही. पेठेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो गेला, आणि पोरं अशी नाचली की बैल बिथरले, त्यांना धरायला चौघे लागले. शेटही शेवटी हसले. "लग्नात तसलं नको बरं का," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुमच्यासाठनं गुळगुळीत हाय की." त्यानंतर वर्षानुवर्षं, किकवीच्या फाट्यावर असो की एसटीच्या रांगेत, कुणीही भेटो, तुम्ही मला पुढे करायचात, "ह्यो माजा पोरगा. सायबाचा सूर भोरात आणला ह्यानं. हुबेहूब!"

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी पुण्यात एका मित्राकडे ती रेकॉर्ड मी पुन्हा ऐकली. कोरी रेकॉर्ड, महागडी पेटी. पहिला सूर निघाला आणि मला वाटलं, ह्याने चुकीची लावली. सायबाचा आवाज फाटलेला होता, पण लोण्यासारखा मऊ. चरचर कुठेच नाही. हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डवर टेकवायची नवी पिन गिऱ्हाइकाच्या लग्नाला आणि झिजलेली घरच्याला, हा तुमचाच नियम. त्यात आपण ती ऐकली कर्ण्यावर. जी चरचर पकडायला आपण अख्खा हिवाळा घालवला, ती त्याची नव्हतीच. ती आपल्याच पिनेची न् कर्ण्याची होती. मी इतका हसलो की मित्र घाबरला. आणि हसता हसता ऊर असा भरून आला, की काय सांगू. नक्कल करायला बसलो आणि जो सूर सायबापाशीही नव्हता तो आपण काढला होता, तुम्ही आणि मी. मित्राने विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, "बरा आहे. जरा मिळमिळीत आहे."

हे लिहिलं खरं, पण तुम्ही समोर असता तर बोललो नसतो. हुबेहूब म्हणताना तुमची मान जी ताठ व्हायची, ती मला तसूभरही खाली यायला नको होती. अजूनही कुणी विचारलं, तर मी हुबेहूबच होता म्हणून सांगतो.