सातव्या रांजणाची सोबत

२ मार्च १९५८

नोकरी लागली! परतवाड्याला मोटारीतून उतरलो तेव्हा अंगावर अर्ध्या तालुक्याची धूळ होती, पण नवे मालक भगवंतराव यांची बैलगाडी न्यायला आली होती. कंपाउंडरची परीक्षा पास होऊन आठ महिने झाले. अमरावतीच्या चार दवाखान्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग जागा भरली म्हणून सांगितलं. इथं कोणी काही विचारलं नाही.

माय सोबत आहे. तिला भातकुलीला एकटी कशी ठेवणार? तिचा दमा सगळ्यांच्या ओळखीचा आहे: दोन शिट्ट्या, मग एक अडकलेला खोकला. वाटेत तो ऐकून गाडीवान मायला म्हणाला, जाईबाई सोबत असल्यावर बैलांना घुंगरांची गरज नाही. मायनं त्याला तिथंच दोन शिव्या हासडल्या.

वऱ्हाडात द्राक्षं म्हटल्यावर मला हसू आलं होतं. पण खरंच तीन एकरांचा मांडव आहे. दारूबंदीच्या राज्यात इथं द्राक्षासव बनतं, औषध म्हणून. परवाना ओसरीत टांगलेला आहे.

५ मार्च

भगवंतराव देवमाणूस आहेत. सरकारी सल्फेटच्या गोण्या त्यांनी फाटकातूनच परत पाठवल्या. शेणखत आणि निंबोळीची पेंड, बस. म्हणतात, "देवमन, मातीले उपाशी ठेवाचं नाई, अन् जहरबी चाराचं नाई." मजुरांना आणि मालकांना विहीर एक, पंगत एक. आज मी त्यांच्या शेजारी जेवलो. आम्ही दीक्षा घेतली तेव्हा गावानं आमचं पाणी तोडलं होतं. पहिला घास गिळताना मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पाणी मागितलं.

तळघरात सात रांजण भुशात गळ्यापर्यंत पुरलेले आहेत. द्राक्षांचा रस, गूळ आणि धायटीची फुलं त्यात महिनाभर फसफसतात. पेटती काडी तोंडाशी धरायची. विझली तर रांजण अजून जिता आहे, तेवत राहिली की आसव तयार. आतल्या वायूनं काडी विझते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. सातव्या रांजणाचं आसव विकत नाहीत, दम्याच्या गरीब रोग्यांना फुकट वाटतात.

८ मार्च

इथली एक रीत कळली. सातव्या रांजणाला सोबत लागते. कोणी म्हातारं माणूस दिवसभर झाकणावर हात ठेवून बसतं. त्याला त्याच्या घरच्या माणसानं हात धरून बसवायचं असतं. भगवंतराव म्हणाले, जबरदस्ती नाही. पण मायच उठली. "बसाचंच तं हाय! फुकटचं खाऊन राहिली मी, मले लाज वाटते." तळघरात वायू साचतो म्हणून मी आधी खिडकी उघडायला लावली. त्यांनी लगेच उघडली. मग मी मायचा हात धरून तिला पाटावर बसवलं.

१५ मार्च

मायचा दमा गेला! तीस वर्षांचा दमा, आणि आठवड्यात छातीत शिट्टी नाही. मी भगवंतरावांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

२२ मार्च

माय बोलत नाही फारशी. अर्धी भाकर उरते. गाडीवानानं मुद्दाम चिडवलं तरी शिवी दिली नाही, नुसती हसली.

दुपारी ती वर जेवत होती तेव्हा मी सातव्या रांजणाला कान लावला. बाकीचे सहा खदखदतात. ह्यात दोन शिट्ट्या. मग अडकलेला खोकला.

मी जिना चढून धावत वर आलो. माय चटणी वाढून घेत होती.

२४ मार्च

दुपारी माय झोपली होती. मी काडी पेटवून तिच्या नाकाशी धरली. बोटं भाजेपर्यंत धरली. ज्योत हलली नाही.

तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "काहून रे, अंधार हाय का?" बाहेर ऊन रणरणत होतं.

२६ मार्च

पंचफुला मांडवाखाली तण निंदते. गेल्या साली तिनं नवऱ्याला, श्रावणला, बसवलं होतं. काडी तेवली त्या दिवशी तो पाटावरच गेला. त्याच्या आसवाची एक बाटली तिनं ठेवली आहे. बूच काढलं की आतून श्रावण खाकरतो, म्हणाली. मी बूच काढू दिलं नाही.

मी विचारलं, रांजण फोडला तर? ती म्हणाली, एकानं फोडला होता. त्याची आई त्याच क्षणी गेली. मग उपाय? "दुसरं कोनी बसलं तं पयलं सुटते. पन पयल्यानंच त्याचा हात धरून बसवाले पायजे. मले उशिरा समजलं, बाबू."

२७ मार्च

मायला घेऊन निघालो. फाटकाबाहेर दहा पावलांत तिचे ओठ निळे पडले. उचलून परत आणली.

भगवंतरावांना सरळ विचारलं. ते रडले, खरंच रडले. म्हणाले, वर्षाला साठ रोगी बरे होतात. मी विचारलं, तुमच्या घरचं कोणी कधी बसलं का? त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

एक पंगत, एक विहीर. त्या घासासाठी मी माझ्या हातानं मायला —

३१ मार्च

सातव्या रांजणावर काडी उशिरा विझतेय. पूर्वी लगेच विझायची. आज दहा आकडे मोजले.

शिट्टी बारीक झालीय.

१ एप्रिल

वीस आकडे. उद्या संध्याकाळी आसव गाळणार म्हणून फडकी धुऊन वाळत घातली आहेत.

मायला माझं नाव दोनदा विचारावं लागलं.

२ एप्रिल, दुपार

मायला म्हणालो, कसं बसतात ते मला दाखव. ती खूश झाली. माझा हात धरला — लहानपणी बाजारात धरायची तसाच — आणि बसवलं पाटावर. म्हणाली, पाठ सरळ ठेव.

हात बर्फासारखा.

पंचफुला तिला वर घेऊन गेली. दीडच्या मोटारीनं भातकुली. खरं तिला सांगू नको म्हणालो. कामाला राहिला म्हणावं —

रांजणातली शिट्टी थांबली.

वर काही ऐकू —

खोकली! दोन शिट्ट्या आणि खोकला! गाडीवानाला शिव्या घालतेय, एक नाही, चार! माझी माय शिव्या —

गाडी निघाली. बैलांचे घुंगरू. फाटक ओलांडलं. अजून खोकतेय. अजून —

रडावंसं वाटतं. रडायला हुंदका लागतो. छातीत काही हलत नाही. दुखत नाही.

काडी पेटवली. माझ्याच तोंडाशी धरली. ज्योत सरळ आहे.

फुंकर मारली.

सरळ.

पुन्हा —